साधारण संवत्सर

अमेरिकन अंतराळवीर जेम्स लॉव्हेल २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात, ७ तारखेला, वयाच्या ९७ व्या वर्षी निवर्तले. वृत्तपत्रांत त्यांचे छायाचित्र आले, चार परिच्छेद आले, आणि दुसऱ्या दिवशी जग पुढच्या बातमीकडे वळले. आम्हांला मात्र त्या चार परिच्छेदांनी पंचावन्न वर्षे मागे, तंजावरच्या एका ओसरीवर नेऊन बसविले. ज्या चार दिवसांत लॉव्हेल आणि त्यांचे दोन सोबती चंद्राला वळसा घालून मोडक्या यानातून घरी येत होते, ते चार दिवस आम्ही त्या ओसरीवर काढले. आमचे बहुतेक वाचक बदलीच्या नोकरीतले आहेत. परगावी पोस्टाची वाट पाहणे म्हणजे काय, आणि एखाद्या जुन्या फायलीत आपलेच हस्ताक्षर अवचित समोर आले की मनाचे काय होते, हे त्यांना सांगावयास नको. म्हणून ही हकीकत त्यांच्यासाठीच लिहीत आहोत.

त्या वेळी आमचे वय बावीस. नोकरी नवी, हिशेबाच्या कचेरीतली. साताऱ्याहून निघताना वडिलांनी एवढेच म्हटले होते की, जेथे जातोस तेथे आपली माणसे आहेत. ते खरे होते, पण त्यांना वाटले त्या अर्थाने नव्हे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात गादी स्थापिली. त्यांच्यामागून आलेली कारभारी, पंडित आणि शिलेदार मंडळी १८५५ साली राज्य खालसा झाल्यावरही तेथेच राहिली. आम्ही ज्यांच्या घरी खोली घेतली ते त्यांच्यापैकीच एक. साऱ्या वीथीत त्यांना नुसते ‘राव’ म्हणत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, कृश, कपाळावर गंध. घरात मराठी चालत असे, परंतु ती ऐकताना आम्हांला आपल्याच पणजोबांचे पत्र कोणी तमिळ हेलात वाचून दाखवीत आहे असे वाटे. आमची मराठी त्यांना इंग्रजीच्या वासाची वाटत असावी. रावांच्या मातोश्रींनी तर पहिल्याच दिवशी, हा मुलगा बोलतो ते बरेचसे समजते, असा अभिप्राय दिला होता.

१९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला तेव्हा ह्या वीथीत रात्रभर दिवे होते, असे राव सांगत. तंजावरात दूरचित्रवाणी नव्हती. मद्रासलाही ती १९७५ साली आली. जे होते ते कानांनी. रावांच्या घरी झडपांचा एक जुना रेडिओ होता. तो तापून बोलू लागेपर्यंत अर्धी बातमी निघून जाई, म्हणून तो पाच मिनिटे आधी लावण्याचा शिरस्ता होता. नोव्हेंबरात दुसरे यान उतरले, तेव्हा वीथीतील निम्मे दिवे लागले. आणि एप्रिलमध्ये अपोलो १३ निघाले तेव्हा कोणी दिवा लावला नाही. आमच्या घड्याळाप्रमाणे १२ एप्रिलची पहाट व्हावयाची होती, मध्यरात्रीनंतर पाऊण तासाचा सुमार. आम्हीही झोपलेलो होतो. चंद्रावर जाणे ही आता नित्याची गोष्ट झाली, असे सर्वांनी धरून चालले होते. ह्यात तंजावरकरांचाच दोष होता असे नाही. खुद्द अमेरिकेत, अपघाताच्या थोडाच वेळ आधी ह्या तिघांनी यानातून जे चित्रदर्शन पाठविले, ते एकाही मोठ्या दूरचित्रवाणी संस्थेने दाखविले नव्हते.

येथे पंचांगातील एक गंमत सांगितली पाहिजे. ज्या वर्षात हे घडले त्या शके १८९२ चे नाव ‘साधारण’. ७ एप्रिलला आमचा पाडवा झाला आणि १४ एप्रिलला तमिळांचा पुत्तांडु. दोन्ही पंचांगांत वर्षारंभ निराळे, पण संवत्सराचे नाव एकच. पाडव्याच्या दिवशी रावांनी ते वाचून दाखविले तेव्हा आम्ही हसलो होतो. कारकुनाच्या आयुष्यात दरवर्षी हेच संवत्सर असते, असे काहीसे आम्ही म्हणालोही. बावीस वर्षांच्या माणसाला आपली नोकरी लहान वाटते आणि ते बोलून दाखविण्यात त्याला मौज वाटते.

१४ एप्रिल, मंगळवार. पुत्तांडुमुळे कचेरीला सुटी होती. सकाळी कैरी, गूळ आणि कडुलिंबाचा मोहोर घातलेली पचडी पानात आली. आठवड्यापूर्वी कडुलिंब खाल्लेला असल्याने आम्ही दुसऱ्यांदा तोंड वाकडे करीत होतो. पुढे हिशेब करून पाहिला तेव्हा कळले की, तो स्फोट नेमका त्याच सुमारास झाला. आठ वाजून अडतीस मिनिटे. पृथ्वीपासून सुमारे ३,३०,००० किलोमीटरांवर जॅक स्विगर्ट यांनी प्राणवायूच्या टाक्या ढवळण्याचे बटन दाबले, आणि दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. पहिल्या टाकीतूनही वायू निसटू लागला. ज्या घटांत प्राणवायू आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून वीज आणि पाणी दोन्ही निर्माण होत, ते घट एकामागून एक थंड पडले. काहीतरी बिघडले आहे असे स्विगर्ट आणि मागोमाग लॉव्हेल यांनी ह्यूस्टनला कळविले. लॉव्हेलनी खिडकीतून पाहिले तो यानातून कसला तरी वायू अवकाशात उडत होता.

ही बातमी आम्हांला त्या दिवशी संध्याकाळी मिळाली. रेडिओ तापला, आणि पहिले ऐकू आले ते वाक्याचे शेपूट. तीन माणसे संकटात आहेत, एवढेच कळले. कोणती माणसे, कोठे, हे पुढच्या बातम्यांपर्यंत समजले नाही. मधल्या वेळात शेजारचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी तेरा ह्या आकड्याबद्दल पाश्चात्त्यांची समजूत सांगितली. यान तेरावे, तेथील घड्याळात निघण्याची वेळ तेरा वाजून तेरा मिनिटे, आणि बिघाड झाला तेव्हा तिकडे अजून एप्रिलची तेरा तारीख. राव म्हणाले की, आमच्याकडे तेराला काही म्हणत नाहीत, आमची म्हण तीन तिघाडा काम बिघाडा अशी आहे, आणि ती मात्र लागू पडते. शेजाऱ्यांनी राहुकाल पाहिला. मंगळवारी तो दुपारी तीन ते साडेचार. तेव्हा तोही निर्दोष सुटला.

कारण काय ते पुढे यावयाचे होते. त्या रात्री प्रश्न एवढाच होता की, ते परत कसे येणार. आणि हा प्रश्न रावांच्या मातोश्रींनी ज्या तऱ्हेने विचारला तसा आम्ही कोणी विचारला नसता. बिघडले तर तेथूनच मागे का वळत नाहीत, असे त्या म्हणाल्या. बैलगाडीचे चाक मोडले तर माणूस गावाकडे तोंड करतो. राव गणिताचे मास्तर. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पृथ्वी आणि चंद्र असे दोन गोल काढले आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाची आकृती काढली. यान एवढ्या वेगात आहे की, त्याला थांबवून उलटे फिरविण्यास मोठे इंजिन पाहिजे. ते इंजिन फुटलेल्या भागातच आहे आणि त्याच्यावर आता भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा पुढे जाणे हाच मागे येण्याचा रस्ता. चंद्राच्या मागून वळसा घ्यावयाचा आणि त्याच्या ओढीने घराकडे फेकले जावयाचे. आजींनी ती आकृती बराच वेळ पाहिली. प्रदक्षिणा घातल्याशिवाय सुटका नाही तर, एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तो प्रश्न त्यांनी काढला नाही.

रात्री आम्ही आणि राव बृहदीश्वराच्या प्राकारात जाऊन बसलो. तिकडे गर्भगृहावरील शिखराला विमान म्हणतात. राजराज चोळाच्या काळी, १०१० च्या सुमारास पुरे झालेले ते दगडी विमान सुमारे दोनशे सोळा फूट उंच आहे. ज्या अग्निबाणाने ह्या तिघांना वर नेले तो तीनशे त्रेसष्ट फूट. ह्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही अशी आख्यायिका आहे. चांदण्यात ती आमच्या पायांपर्यंत आलेली होती. चंद्र अर्ध्याहून किंचित मोठा, माथ्यावरून पश्चिमेकडे थोडा कललेला. त्याच्या दिशेने तीन माणसे चालली आहेत आणि तेथे उतरावयाचे नाही, हे त्यांना आता ठाऊक आहे. आम्ही त्या चंद्राकडे पाहिले आणि आमच्या अंगावर काटा आला, असे लिहिण्याचा मोह होतो. खरे सांगावयाचे तर आम्हांला भूक लागली होती आणि राव उठण्याचे नाव घेत नव्हते.

ते सरफोजीराजांबद्दल बोलत होते. दुसरे सरफोजी, ज्यांचे नाव सरस्वती महालाशी कायमचे जोडलेले आहे. निवृत्तीनंतर राव त्या ग्रंथालयात मोडी कागद वाचण्यास मदत करीत. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे एक मराठी नाटक रचले आहे. ग्रंथालयाने ते १९५० साली छापून काढले. कुरवंजी हा तमिळ देशीचा नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिका असते आणि डोंगरातून आलेली एक भटकी कुरवंजीण तिचा हात पाहून भविष्य सांगते. ती देशोदेशी हिंडलेली असते, म्हणून तिला सांगण्याचा अधिकार. सरफोजींनी ह्या साच्यात जगाचा भूगोल घातला. कुरवंजीण देश, खंड आणि समुद्र यांचे वर्णन करते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेलेला असताना, हा राजा मराठीतून पृथ्वीचा नकाशा लोकांना गाऊन दाखवीत होता, ह्याचे आम्हांला आजही नवल वाटते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, हे त्याहून मोठे नवल.

घरी आल्यावर आजींना ते सांगितले तेव्हा त्यांना भूगोलात रस नव्हता. नायिकेत होता. त्या तिघांच्या बायकांना कोण सांगत असेल, असे त्यांनी विचारले. आम्हांला तेव्हा उत्तर ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले की, लॉव्हेल यांच्या घरी एक ध्वनिक्षेपक बसविलेला होता. ह्यूस्टन आणि यान यांच्यातील संभाषण त्यातून सतत ऐकू येत असे, आणि मेरिलिन लॉव्हेल चार मुलांना घेऊन त्याच्यापाशी बसत. फ्रेड हेझ यांच्या पत्नी गरोदर होत्या. स्विगर्ट अविवाहित. ते ह्या मोहिमेवर यावयाचेच नव्हते. केन मॅटिंग्ली यांना गोवराच्या एका प्रकाराचा संसर्ग झाला असेल, ह्या शंकेवरून उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधी त्यांना उतरविण्यात आले आणि राखीव यादीतील स्विगर्टना घेण्यात आले. मॅटिंग्लींना गोवर कधीच आला नाही. ऐन वेळी झालेली बदली कशी असते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. ह्या गडबडीत स्विगर्ट आपले प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावयास विसरले. मुदत १५ एप्रिलची. अपघातापूर्वी त्यांनी यानातूनच मुदतवाढीची चौकशी केली. खाली हशा पिकला, परंतु करदाता देशाबाहेर असल्यास मुदत वाढवून मिळते, असे उत्तर त्यांना रीतसर देण्यात आले. चंद्राच्या वाटेवरील माणूस देशाबाहेर आहे की नाही, ह्यावर आमच्या एखाद्या कचेरीत निदान तीन टिप्पण्या झाल्या असत्या.

आता त्या चार दिवसांच्या मूळ कामाकडे वळतो. तिघे ज्यात राहत ते मुख्य यान ‘ओडिसी’. चंद्रावर उतरण्यासाठी त्याला जोडलेले धाकटे यान ‘ॲक्वेरियस’, म्हणजे आपली कुंभ रास. कुंभात पाण्याचा दुष्काळ, हा योगायोग रावांच्या लक्षात लगेच आला. हे धाकटे यान दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल असे बांधलेले होते. आता त्यात तीन माणसांनी जवळजवळ चार दिवस काढावयाचे होते. ओडिसीमधील घट परतीच्या शेवटच्या टप्प्यासाठी राखणे भाग होते, म्हणून तेथील सर्व काही बंद करण्यात आले. ॲक्वेरियसमध्येही जेमतेम बारा अँपिअर विजेवर भागविले गेले. यंत्रांना थंड ठेवण्यास पाणी लागे, म्हणून माणसांनी पिणे सोडले. प्रत्येकी दिवसाला सुमारे दोनशे घनसेंटिमीटर, एक फुलपात्रभर. ओडिसीतील उष्णतामान तीन-चार अंशांपर्यंत उतरले, भिंतींवर दव साचले. हेझना ताप भरला. लॉव्हेलचे वजन सहा किलोंहून अधिक घटले.

परंतु त्यांना मारावयास निघालेली गोष्ट निराळीच होती. ती म्हणजे त्यांचाच श्वास. उच्छ्वासातला कर्बवायू शोषून घेणाऱ्या डब्या ॲक्वेरियसमध्ये दोघांपुरत्या होत्या. ओडिसीमध्ये पुष्कळ होत्या, पण त्या चौकोनी आणि ॲक्वेरियसमधील भोके गोल. एकाच मोहिमेची दोन याने दोन निरनिराळ्या कारखान्यांत बनली होती, आणि दोन्ही डब्या एकमेकांत बसाव्यात असे कोणाच्या मनात आले नव्हते. एड स्मायली नावाचे अभियंता आणि त्यांचे सहकारी ह्यूस्टनमध्ये बसले आणि त्यांनी एक यादी केली. यानात काय काय आहे ह्याची, त्याशिवाय कशाची नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, पोशाखाच्या नळ्या, सूचनापुस्तिकांचे पुठ्ठे, चिकटपट्टी. त्यांतून त्यांनी चौकोनाला गोल जोडणारे एक वेडेबागडे यंत्र तयार केले, मग ते कसे करावे हे एकेक पायरी वाचून वर कळविले. वरच्या मंडळींनी ते जुळविले आणि आकडा खाली येऊ लागला.

आम्ही हे वाचले तेव्हा, आणि अजूनही, त्या चिकटपट्टीपेक्षा आम्हांला त्या यादीचे कौतुक वाटते. ह्या मोहिमेवर १९९५ साली एक मोठा चित्रपट निघाला. त्यात ह्यूस्टनचे नियंत्रक जीन क्रँझ यांच्या तोंडी, अपयश हा पर्यायच नाही अशा अर्थाचे एक घोषवाक्य आहे. ते वाक्य क्रँझ त्या चार दिवसांत बोलले नव्हते. ते पटकथेसाठी घडविले गेले. प्रत्यक्षात त्या खोलीत जे चालले होते ते फार साधे होते. जॉन आरन नावाचा सव्वीस वर्षांचा एक तरुण, म्हणजे आमच्याहून चारच वर्षांनी मोठा, विजेचा हिशेब लिहीत होता. कोणते यंत्र किती मिनिटे चालेल, किती खाईल, शिल्लक काय राहील. गारठून बंद पडलेले ओडिसी पुन्हा जागे करण्याची कृती एरवी लिहावयास तीन महिने लागतात. ती तीन दिवसांत लिहून, प्रतियानात तपासून पुरी करण्यात आली. आणि मग ती वर सांगावयाची कशी? वाचून. ज्यांना गोवराच्या शंकेने खाली ठेवले होते ते मॅटिंग्ली ह्यात आघाडीवर होते. जवळजवळ दोन तास हे शब्दशः लिहून देणे चालले होते, आणि स्विगर्ट कुडकुडत्या हातांनी ते उतरवून घेत होते. माणसाच्या तोवरच्या सर्वांत दूरच्या प्रवासात शेवटी उपयोगी पडले ते श्रुतलेखन.

सर्वांत दूरचा म्हटले, तेही खरे आहे. १५ एप्रिलला पहाटे सहाच्या सुमारास, आमच्याकडे कावळे ओरडू लागले तेव्हा, यान चंद्राच्या पाठीमागे होते. पृथ्वीपासून ४,००,१७१ किलोमीटर. इतक्या लांब त्यापूर्वी कोणी गेले नव्हते. त्याआधी ॲक्वेरियसचे इंजिन थोडा वेळ पेटवून त्यांनी आपली वाट परतीच्या आठाकृतीवर आणली होती. ती तशीच राहती तर ते हिंदी महासागरात उतरले असते. चंद्रामागून आल्यावर दोन तासांनी पुन्हा साडेचार मिनिटांच्या आत-बाहेर इंजिन चालवून त्यांनी सुमारे दहा तास वाचविले आणि उतरण्याची जागा प्रशांत महासागरात, जेथे सोडवणुकीची जहाजे होती तेथे नेली. राव म्हणत, हिंदी महासागरात यावयास हवे होते, नागपट्टणम्‌च्या कोळ्यांनी काढले असते. आजींना ते खरेच वाटले.

त्या दिवसांत जगाचे वर्तन, एकदा लिहून ठेवण्याजोगे, चांगले होते. रशियाचे पंतप्रधान कोसिजिन यांनी मदत देऊ केली. पोप पॉल सहावे यांनी दहा हजारांच्या जमावासह प्रार्थना केली, आणि भारतातील एका धार्मिक उत्सवात त्याच्या दसपट लोकांनी प्रार्थना केल्याची बातमी अमेरिकन पत्रांत आली. आमच्या वीथीतील देवळात १६ तारखेला कोणीतरी तीन नारळ वाढविले. कोणी, ते कळले नाही. पुजाऱ्याने संकल्पासाठी गोत्र विचारले तेव्हा मोठा पेच पडला, असे मात्र ऐकले.

शुक्रवार, १७ एप्रिल. रात्री अकरा वाजून सदतीस मिनिटांनी ते समुद्रात उतरावयाचे होते. ह्या वेळी वीथीतील सारे दिवे लागले होते. रेडिओ साडेदहापासून तापवून ठेवला होता. लघुलहरींवरचा इंग्रजी आवाज लाटेसारखा येई आणि जाई. वातावरणात शिरताना यानाशी काही मिनिटे बोलणे होऊ शकत नाही. ती मिनिटे अपेक्षेहून लांबली. त्या शांततेत राव मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते आणि आजी देवघराकडे. मग रेडिओतून टाळ्यांचा आवाज आला. नेमके शब्द आमच्यापैकी कोणाला कळले नाहीत, टाळ्या कळल्या. आजी उठल्या आणि आतून गूळ घेऊन आल्या. आम्ही तो खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी शनिवार असल्याचे, आणि कचेरी असल्याचे, आठवून झोपावयास गेलो.

हकीकत येथे संपावयास हरकत नव्हती. परंतु जूनच्या १५ तारखेस चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश काही दिवसांनी आम्ही मद्रासहून येणाऱ्या वृत्तपत्रात वाचला आणि आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही.

अहवालात काय होते ते थोडक्यात सांगतो. टाकीतील तापकाला एक आपोआप तुटणारा खटका असतो. उष्णता वाढली की तो वीज तोडतो. मूळ आज्ञेप्रमाणे तो २८ व्होल्टसाठी बनविलेला. १९६५ साली मुख्य कंत्राटदाराने आज्ञा सुधारली आणि उड्डाणतळावर ६५ व्होल्ट वापरण्यास मोकळीक दिली. सुधारित आज्ञा टाकी बनविणाऱ्या उपकंत्राटदाराकडे गेली. टाकीतील इतर गोष्टी सुधारल्या, खटका राहिला. हे कोणाच्याही तपासणीत आले नाही, कारण प्रत्येकाने आपल्यापुढच्या कागदाशी वस्तू ताडून पाहिली, आणि प्रत्येकापुढचा कागद बरोबर होता. हीच टाकी आधी अपोलो १० साठी बसविलेली होती. १९६८ च्या ऑक्टोबरात काढताना ती दोन इंच खाली आदळली. धक्क्याने आतील नळी सैल झाली असावी, असा समितीचा कयास. म्हणून १९७० च्या मार्चमध्ये चाचणीनंतर टाकी रिकामी होईना. तेव्हा तापक आठ तास चालवून प्राणवायू उकळून काढण्यात आला. ६५ व्होल्टवर खटका वितळून जुळला, तो तुटलाच नाही. टाकीतील काही जागी उष्णता पाचशे अंशांवर गेली असावी, आणि तारांवरचे आवरण भाजून निघाले. पाहणाऱ्याने तापमापक पाहिला होता. पण त्या तापमापकावर सत्तावीस अंशांच्या पुढे आकडेच नव्हते, कारण त्याच्यावर उष्णता जाईल असे कोणी धरले नव्हते. काटा शेवटच्या आकड्यावर उभा राहिला, आणि सर्व ठीक असल्याची नोंद झाली.

त्या महिन्यात आमच्या कचेरीत एक बाई येत असत. नोकरीत असतानाच वारलेल्या एका शिपायाची विधवा. पट्टुकोट्टैच्या बाजूच्या कोठल्याशा खेड्याहून सकाळच्या बसने यावयाचे, व्हरांड्यात बसावयाचे, दुपारी कोणीतरी ‘अजून नाही’ म्हणे, मग परत जावयाचे. त्यांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण दुसऱ्या एका कचेरीतून आक्षेप लागून परत आले होते आणि दोन्हीकडे टोलवले जात होते. आम्ही त्यांना महिनोन् महिने पाहत होतो. त्या आमच्या टेबलाच्या समोरच बसत.

अहवाल वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ते प्रकरण तळापासून काढले. तळाशी फेब्रुवारीत केलेला पहिला मसुदा होता, आमच्या हस्ताक्षरात. दर जुन्या नमुन्यावरून घेतलेला. सुधारित आदेश त्याच फायलीत, तीन पाने वर, लावलेला होता. आमच्या खाली कारकुनी तपासणीची सही, तिच्याखाली अधिकाऱ्याची. तिघांच्याही सह्या स्वच्छ होत्या.

वरिष्ठ कारकुनांना आम्ही सांगितले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, प्रकरण आता पलीकडे आहे, आक्षेप त्यांचा, उत्तर जाईल तेव्हा दुरुस्त होईल, तुम्ही नवे आहात, उगाच लेखी काही देऊ नका. त्यांचा सल्ला कचेरीच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. आम्ही दोन दिवस तो पाळलाही. तिसऱ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा आम्ही टिप्पणी लिहिली: चूक मूळ मसुद्यात आहे, मसुदा आमचा आहे, सुधारित आकडे सोबत जोडले आहेत. त्याबद्दल आम्हांला एक ताकीदपत्र मिळाले. ते बरीच वर्षे आमच्या सेवापुस्तकात होते. निवृत्तिवेतन सप्टेंबरात मंजूर झाले.

मंजुरीचा कागद घेण्यास बाई आल्या. अधिकाऱ्यांना हात जोडले, वरिष्ठ कारकुनांना जोडले, आणि मग आमच्या टेबलापाशी येऊन आम्हांलाही जोडले. तमिळमध्ये काही बोलल्या. त्यातले बरेच आम्हांला समजले. देव तुझे भले करो, अशा अर्थाचे होते. आम्ही उभे राहिलो आणि मान हलविली. आपले तमिळ अजून पुरेसे नाही, असे त्या वेळी आम्ही स्वतःस सांगितले. परंतु चूक ह्या अर्थी तमिळात ‘तप्पु’ म्हणतात, हे आम्ही तंजावरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच शिकलो होतो.